झोपेचं माप

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

ही वही नातीची, शिवानीची. पुढची चौदा पानं भूगोलाची आहेत. ती फाडली नाहीत, नुसता दोरा बांधला. इथून पुढं माझं.

मी बसवंत. वय एकाहत्तर, शिक्षण सहावी. उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, चाळीस वर्षं मापाडी होतो. पोतं काट्यावर चढलं की वजन मोठ्यानं पुकारायचं, एवढं माझं काम. लिहायचं काम दुसऱ्याचं होतं. आता म्हातारपणी लिहायला बसलो, कारण या गोष्टीत दुसऱ्या कुणावर भरवसा ठेवायची माझी तयारी नाही.

आज मोंढ्यात तपासणीचं शिबिर होतं. मी गुडघ्यासाठी गेलो आणि मुलाला, उमाशंकरला, सोबत म्हणून ओढून नेलं. डॉक्टरीणबाईंनी सहज त्याच्याही दंडाला पट्टा बांधला. एकशे अडुसष्ट, खालचं एकशे सहा. पाच मिनिटं गप्प बसवून पुन्हा बांधला. एकशे चौसष्ट, एकशे चार. माझं निघालं एकशे अडतीस. बाई म्हणाल्या, "आजोबा, तुमचं काय वाईट न्हाई. पोराचं बघा."

पोरगा एकोणचाळीस वर्षांचा आहे.

माझा धाकटा भाऊ चंद्रप्पा चव्वेचाळीसला गेला. न्हाणीत गेला, आतून कडी लावली, आणि आत काहीतरी पडल्याचा आवाज आला. पहार शोधण्यात आणि दार तोडण्यात वीस मिनिटं गेली. डोक्यातली शीर फुटली म्हणाले. त्याला बीपी होतं हे तो मेल्यावर कळलं.

बाईंनी रोज सकाळी एक गोळी लिहून दिली, मीठ कमी करायला सांगितलं. मग विचारलं, झोप किती? उमाशंकर म्हणाला, सात तास. मीही मान हलवली. बाई म्हणाल्या, कामाच्या वयातली माणसं झोपेतूनच वेळ काढतात. झोप सहा तासांच्या खाली गेली किंवा सारखी तुटत राहिली की बीपी वरच राहतं. रात्री गाढ झोपेत ते उतरायला पाहिजे, तेवढाच शरीराला विसावा. महिनाभर झोप आणि बीपी, दोन्ही लिहून आणा.

मी म्हणालो, मी लिहितो.

१३ ऑक्टोबर, सोमवार

मशीन आणलं. बटण दाबलं की पट्टा आपोआप फुगतो आणि आकडे उमटतात. काट्यासारखंच आहे. त्याच्यापुढं कुणाची शिफारस चालत नाही.

उमाशंकरच्या खोलीची आतली कडी आज काढून टाकली. काही झालं तर पहार शोधायला लागू नये. कडी आणि चार स्क्रू विभूतीच्या रिकाम्या डबीत ठेवले. न्हाणीचीही काढणार होतो, पण सूनबाई मंजुश्री म्हणाली, "मामा, तेवढी राहू द्या." राहू दिली.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी १६२/१०४. झोप लिहिताना घोटाळा झाला. उमाशंकर हरिओमशेठच्या डाळमिलवर दिवाणजी आहे. सध्या सोयाबीनचा हंगाम, शेठची आडतही तोच बघतो. घरी यायला दहा वाजतात. साडेदहाला खोलीत जातो. पहाटे चारला मी त्याला उठवतो. आमच्यात आंघोळ करून लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घालत नाहीत. माझ्या वडिलांनी मला चारला उठवलं, मी याला उठवतो. त्यात नवीन काही नाही.

पण साडेदहा ते चार साडेपाचच तास होतात. दुपारी मिलवर खुर्चीत डोळा लागतो म्हणाला, तो अर्धा तास धरला आणि सहा लिहिले. मोंढ्यात पोत्यामागं कडता कापायचे, म्हणजे वजनातून थोडं कमी धरायचे. मी इथं थोडं जास्त धरलं. एवढं चालतं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

मला स्वतःला झोप येत नाही, ते बरंच आहे. एकदोनदा उठून त्याच्या दारात जाऊन येतो. काल विचारलं, "उमा, झोप लागली का?" तो म्हणाला, "हाव, अप्पा." समाधान वाटलं.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज एक गोष्ट सुचली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, रात्री झोपेत बीपी उतरतं. आता ते उतरतं की नाही हे मोजल्याशिवाय कसं कळणार? माल न मोजता पावती फाडणारा मी माणूस नाही. आजपासून रात्री दीडला आणि तीनला मोजायचं ठरवलं. दिवा लावायचा नाही, मोबाईलच्या उजेडात आकडा दिसतो.

२० ऑक्टोबर, सोमवार

दीड वाजता १६६/१०४. तीनला १७०/१०६. म्हणजे झोपेतही उतरत नाही. चंद्रप्पाचं असंच असणार, कुणी रात्री उठून पाहिलं नाही म्हणून कळलं नाही.

उद्या दिवाळी आहे. मला कशात लक्ष नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दीडला १६४/१०२, तीनला १६८/१०४, सकाळी पूजेआधी १६६/१०६. गोळी चालू आहे, मीठ बंद आहे. मंजुश्रीनं लोणच्याची बरणी माझ्यासमोर शेजारणीला देऊन टाकली. तरी उतरत नाही.

ती आता शिवानीजवळ पलीकडच्या खोलीत झोपते. एका परीनं बरं झालं. मला आत जायला संकोच वाटत नाही.

उमाशंकर चिडचिडा झालाय. पूजेला बसल्या बसल्या त्याची मान खाली गेली आणि गळ्यातून काढून तळहातावर घेतलेलं इष्टलिंग घरंगळणार तेवढ्यात मी धरलं. म्हणालो, "लक्ष कुठं हाय तुझं? बापजाद्यांनी असं केलं न्हाई." डोळे लाल होते. डोळ्यांचीही तपासणी करायला पाहिजे.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

वही दोन दिवस सापडत नव्हती. जीव टांगणीला लागला. आज संध्याकाळी फडताळावर जिथं ठेवतो तिथंच दिसली. शिवानी म्हणाली, "अज्जा, तुम्हीच इसरला असाल." असेल. वय झालं.

२ नोव्हेंबर, रविवार

जेवताना उमाशंकर म्हणाला, "अप्पा, शेठनं मला लातूरच्या मिलवर टाकलंय. उद्यापास्नं सोमवार ते शनिवार तिथंच."

मी ताट बाजूला सारलं. म्हणालो, "ह्या असल्या तब्येतीत? मी शेठच्या पाया पडतो."

"तुम्ही काय बोलू नका. नोकरीचा मामला हाय. दोन महिन्यांचा सवाल हाय नुसता."

पहाटे कोण उठवणार, विचारलं. तो म्हणाला, गजर लावतो. रात्री कोण बघणार, विचारलं. तो ताटाकडं बघत म्हणाला, मशीन संगं नेतो, सकाळी फोनवर आकडा सांगतो. मंजुश्री पोळी लाटत होती. नवरा परगावी चाललाय आणि बाईच्या डोळ्यांत टिपूस नाही. आजकालच्या पोरींचं काळीजच वेगळं.

शेठलाही मी ओळखतो. त्यांच्या बापाची पोती मोजली मी. त्यांनी असं करायला नको होतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

फोनवरून. सोमवारी घेतलं नव्हतं. काल १५४/९६. आज १४८/९४.

१० नोव्हेंबर, सोमवार

रविवारी येऊन गेला. आला तेव्हा चेहऱ्यावर तुकतुकी होती. रात्री मी तीनदा जाऊन आलो. सकाळी माझ्यासमोर १५८/१००. आज पहिल्या गाडीनं गेला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

फोनवरून १३८/८८.

मला हे पटत नाही. गोळी तीच आणि माणूसही तोच. माझ्या डोळ्यांसमोर अठ्ठावन्न आणि तिकडं अडतीस, असं कसं? जो काटा मी पाहिला नाही त्याचं वजन मी कधी पुकारलं नाही. पोरगा मला बरं वाटावं म्हणून खोटे आकडे सांगतोय. तिकडं खोलीत एकटा पडला तर दार तोडणारंही कुणी नाही.

ठरवलं, उद्या शेठकडं जायचं. काय मान-अपमान व्हायचा तो होऊ दे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आजचा दिवस लिहावा की नाही हे दुपारपासून ठरवतोय.

शेठच्या गादीवर गेलो. हरिओमशेठनं उठून खुर्ची दिली, चहा मागवला. मी हात जोडले आणि म्हणालो, "शेठ, पोराला बीपी हाय. त्याला परत उदगीरला आणा. तुमच्या वडिलांच्या काळापास्नंचा शब्द टाकतोय."

शेठ म्हणाले, "अप्पा, मी कुठं धाडलं त्याला? तोच आला होता माझ्याकडं. म्हणला, दोन महिने लातूरला ठेवा. मी म्हणलो, हंगाम हाय, इथं कोण बघणार? तर डोळ्यांत पाणी आणून म्हणला, शेठ, मला झोपायचंय."

चहा समोर आला होता. मी तो प्यालो. का प्यालो माहीत नाही. चवही लागली नाही.

बाहेर लिंबाखाली गुरुपादप्पा बसला होता. मोंढ्यात चाळीस वर्षं आम्ही दोघं एका काट्यावर होतो. मी पुकारायचो, तो लिहायचा. त्याला सांगितलं तर त्यानं नजर चुकवली. मला तिथंच कळलं.

"तुला ठाव होतं," मी म्हणालो.

"बस्वा, ऐक. पोरगं माझ्याकडं आलं होतं. खोली मीच बघून दिली. आपल्या व्यंकटीची हाय, तिथल्या मिलच्या वजनकाट्यावरचा व्यंकटी."

"आणि मला सांगावं वाटलं न्हाई?"

"सांगितलं असतं तर तू त्याच गाडीनं मागं गेला असतास. मशीन घेऊन."

पुढं तो हसायला लागला होता. माझा चेहरा बघून थांबला. मी उठून आलो. आजपासून त्या लिंबाखाली माझं बसणं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मंजुश्रीला विचारलं. ती ज्वारी निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "हाव मामा, मला माहीत होतं."

"पोरीला?"

"तिलाही."

म्हणजे वही शोधताना शिवानी मला म्हणाली, अज्जा तुम्हीच इसरला असाल, ते खोटं. बारा वर्षांची पोर माझ्या तोंडावर खोटं बोलली आणि मी माझ्या म्हातारपणाला दोष दिला.

वहीचं मंजुश्रीनंच सांगितलं. तो ही वही घेऊन डॉक्टरीणबाईंकडं गेला होता. बाईंनी पानं उलटली आणि विचारलं, दीडला आणि तीनला हे आकडे कुणी घेतले? तो म्हणाला, वडिलांनी. रोज? रोज. आणि चारला उठवतात? हाव. बाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, रात्रीचे हे आकडे झोपेतले नाहीत, जागे केलेल्या माणसाचे आहेत. गोळी वाढवण्याआधी महिनाभर असं ठिकाण बघा, जिथं कुणी उठवणार नाही.

माझं अक्षर, माझे आकडे, मी थंडीत उठून घेतलेले. तीच वही माझ्यावर साक्षीला नेली. मोंढ्यात असं कधी झालं नाही. वजन चुकलं तर आधी मापाड्याला बोलावून विचारायचे, मग बाकीच्यांना. मला कुणी विचारलंही नाही. घरातल्या घरात पंचायत बसली, शेठ बसले, गुरुपादप्पा बसला, डॉक्टरीण बसली, आणि निवाडा झाल्यावरही मला कळवायचं कुणाला सुचलं नाही.

मी तिला म्हणालो, "मी काय त्याचा वैरी हाय?"

ती म्हणाली, "न्हाई मामा. वैरी असता तर सांगायला सोपं गेलं असतं."

रात्री जेवलो नाही. कुणी आग्रह केला नाही. आग्रह केला असता तरी जेवलो नसतो, पण करायला पाहिजे होता.

१६ नोव्हेंबर, रविवार

तो आला नाही. काम आहे म्हणाला. हेही खोटंच असणार. आता काय खरं आणि काय खोटं हे मी शोधत बसत नाही.

फोनवर सांगितलेले आकडे मी मंगळवारनंतर लिहिले नाहीत.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज अमावस्या, मोंढा बंद, मिल बंद. कुणाला न सांगता सहाच्या गाडीनं लातूरला गेलो. जाताना ठरवून गेलो होतो. आता मीही विचारणार नाही, नुसता जाऊन उभा राहणार. आकडे खोटे आहेत हे त्याच्यासमोर मशीन लावून दाखवणार, आणि त्याच गाडीनं घरी घेऊन येणार. चाकूरला गाडी थांबली तेव्हा सगळे चहाला उतरले. मी उतरलो नाही. काय काय बोलायचं ते मनात जुळवत होतो.

आठ वाजून गेले होते. मिलजवळ विचारत विचारत खोली सापडली. व्यंकटीनं दार उघडलं, तोंडात ब्रश होता. मी कोण ते सांगितलं तर घाईनं चूळ भरून आला आणि हळू आवाजात म्हणाला, "शरणार्थ काका. या, पर जरा सावकाश. झोपलाय तो. आज सुट्टी हाय म्हणून, न्हाईतर साडेसहाला उठतोय. दहाला पडतोय."

"पूजा?"

"करतोय की. सात वाजता, आंघोळ झाली की. चुकत न्हाई."

आत गेलो. उमाशंकर कुशीवर झोपला होता, तोंड किंचित उघडं, गळ्यातलं लिंग उशीवर आलेलं. लहानपणी कमलम्माच्या, त्याच्या आईच्या, कुशीत असाच झोपायचा. किती वर्षांत मी त्याला झोपलेलं पाहिलं नव्हतं. म्हणजे रोज पाहत होतो, पण असं नाही. घरी मी दारात गेलो की त्याचा श्वास बदलायचा. ते मला आता कळतंय. तिथं श्वास बदलला नाही. मी उभाच होतो.

मशीन खिडकीत होतं. ते उचललं. पट्टा उलगडला तशी त्याच्या चिकटपट्टीचा चर्र आवाज झाला.

त्यानं डोळे उघडले नाहीत. कूस बदलली नाही. नुसता डावा हात पांघरुणातून बाहेर काढला, बाही कोपराच्या वर सारली आणि हात माझ्यापुढं धरला. आणि तसाच झोपून राहिला.

मला पट्टा बांधता आला नाही. व्यंकटी दारातून बघत होता. मी खुणेनं विचारलं, हे काय? तो कुजबुजला, "पहिले आठ दिस लई करायचा, काका. मी रात्री पाण्याला उठलो, काय सांडलं-पडलं, की हात बाहेर. आता बंद झालं होतं."

मी हात धरून हळूच पांघरुणात घातला आणि बाहेर येऊन पायरीवर बसलो.

नऊला तो उठला. मला बघून घाबरला. "घरी सगळे बरे हायत ना?"

"बरे हायत. तू मला खोटं बोललास."

"हाव."

मला वाटलं होतं, नाही म्हणेल, कारणं सांगेल. त्यासाठी माझी तयारी होती. "हाव" साठी नव्हती.

तो शेजारी बसला. म्हणाला, "अप्पा, तुम्ही दीडला येणार म्हणून मी एकपास्नं जागा राहायचो. तुम्ही गेलात की तीनची वाट. तीनला गेलात की आता चार वाजतीलच. हे पंधरा दिवस. त्याच्याआधी मशीन नव्हतं, तरी चार होतेच. वीस वर्षं."

"मग बोलायचं."

"दोनदा बोललो. एकदा तुम्ही चंद्रूकाकांचं सांगितलं. एकदा आज्जाचं. मेलेल्या माणसांशी मी काय भांडू?"

त्यानं बोललेलं मला आठवेना. अजूनही आठवत नाही. खोटं बोलत असेल असंही आता म्हणवत नाही.

त्यानं माझ्यासमोर मशीन लावलं. १३२/८४. मी वही नेली होती, पण लिहिलं नाही. दुपारच्या गाडीनं एकटा परत आलो. तो स्टॅंडवर सोडायला आला, खिडकीतून पाण्याची बाटली दिली. येताना म्हणालो नाही की घरी ये. त्यानंही विचारलं नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

बारा दिवस लिहिलं नाही. लिहायला काय आहे? चारला उठतो. समोरचं आसन रिकामं. पूजा होते, पण मन लागत नाही. माझा राग तसाच आहे. त्याला झोप पाहिजे होती, ते समजलं. पण सगळ्या गावाला सांगून मला तेवढं वगळावं, हे समजत नाही. मी आंधळा झालो असतो तर हात धरून नेलं असतं. इथं मला डोळे असून कुणी काही दाखवलं नाही.

कधी वाटतं, सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं.

नसतं ऐकलं. हे इथं लिहितो, कुणापुढं बोलणार नाही.

१४ डिसेंबर, रविवार

उमाशंकरचा फोन मंजुश्रीला आला. मी ओसरीवर होतो, तिचंच बोलणं ऐकू आलं. दोन महिने भरायला तीन आठवडे उरलेत. शेठ म्हणतात, लातूरची जागा कायमची घे, बायकापोरं तिकडंच ने. शिवानीला तिकडं शाळा चांगली. ती म्हणाली, "तुम्ही ठरवा." मग बराच वेळ नुसतं हूं, हूं. शेवटी म्हणाली, "येळवशीला या तरी. मग बघू."

म्हणजे तीन माणसं जायची आणि मी या घरात चारला उठून कुणालाच न उठवता बसायचं. हेही मला अजून कुणी सांगितलेलं नाही. मी चोरून ऐकलं. आमच्या घरात आता गोष्टी अशाच कळतात.

१७ डिसेंबर, बुधवार

विभूतीची डबी काढली. कडी मिळाली. स्क्रू तीनच निघाले. डबी उपडी करून पाहिली, फडताळ झाडलं, चौथा नाही. मीच चार मोजून ठेवले होते. माझं मोजलेलंही कमी निघायला लागलं.

तीन स्क्रूंवर कडी बसवली. पिळताना दोनदा पेचकस घसरून दाराला चरा पडला. मंजुश्री पाणी घेऊन आली. बघत उभी राहिली. ओढून पाहिली, हलते थोडी, पण धरते.

कडी लावून मी एकदा आत उभा राहिलो. बाहेरचं काही दिसत नाही. चंद्रप्पा आठवला. घाम आला म्हणून लगेच उघडली.

१८ डिसेंबर, गुरुवार

संध्याकाळी सातला तो आला. उद्या येळवस, म्हणजे वेळा अमावस्या. जेवण झालं, शिवानी त्याच्या मांडीवरच बसून होती. साडेनऊला खोलीत गेला. दार लोटलं. मग थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग कडी सरकल्याचा आवाज आला, हळू, जणू मला ऐकू जाऊ नये म्हणून.

मला ऐकू आला.

१९ डिसेंबर, शुक्रवार, येळवस

घरात पहाटे साडेतीनपासून गडबड. मंजुश्रीनं भज्जीच्या भाज्या चुलीवर चढवल्या, आंबिलाचं मडकं भरून ठेवलं. येळवशीला जिल्हाभर हेच, सगळी माणसं सकाळी शेतावर जायची. आम्हाला शेत नाही, दरवर्षी गुरुपादप्पाच्या शेतात जातो. यंदा मी जाणार नव्हतो.

चारला आंघोळ झाली. पाय आपोआप त्या दाराकडं गेले. हात वर गेला. मग मी तो खाली घेतला. एकटाच पूजेला बसलो. सगळा वेळ कान तिकडं. आतून घोरणंही येत नव्हतं, काहीच येत नव्हतं. पहार न्हाणीमागं ठेवली आहे, हे काल दोनदा बघून ठेवलं होतं.

सातला गुरुपादप्पा टेम्पो घेऊन आला. दारात उभा राहून म्हणाला, "शरणार्थ. बस्वा, अजून बोलणार न्हाईस का?"

"टेम्पो पुढं लाव. हॉर्न वाजवू नको."

"पोरगं उठलं का?"

"माहीत न्हाई."

"तुला माहीत न्हाई? बघ की जाऊन."

"कडी आतून हाय."

गुरुपादप्पा चपला काढून आत आला आणि ओसरीवर माझ्या शेजारी बसला. मी जागा सरकवली नाही, पण ऊठही म्हणालो नाही. शिवानी दोनदा विचारून गेली, कधी निघायचं. समोरचे लोक निघाले, बाजूचे निघाले. मंजुश्रीनं भज्जी टेम्पोत ठेवली, गार होईल म्हणून परत काढून आणली. आठ झाले. त्या वेळी माझंच मोजलं असतं तर मशीन फुटलं असतं.

आठ वाजून दहा मिनिटांनी कडी वाजली.

तो दारात आला. डोळे सुजलेले, गालावर उशीची वळी. आम्हा सगळ्यांना असं रांगेनं बसलेलं बघून गोंधळला. मग मागं वळून कडीकडं पाहिलं, तिच्यावरून अंगठा फिरवला. खालच्या कोपऱ्यातल्या रिकाम्या भोकावर अंगठा थांबला.

"एक स्क्रू कमी हाय, अप्पा."

"सापडला न्हाई."

तो आला आणि माझ्यासमोर बसून बाही वर सारली. हात पुढं केला. जागेपणी.

मी म्हणालो, "आधी पूजा करून घे. हात कुठं पळून जात न्हाई."

पूजा करून, पाच मिनिटं गप्प बसून त्यानंच पट्टा बांधला. मी आकडा वाचला. माझ्या सवयीनं मोठ्यानं पुकारला, तर गुरुपादप्पानं त्याच्या सवयीनं लिहायला खिशातलं पेन काढलं. मी वही त्याला दिली नाही.

लातूरचं काय ते कुणी बोललं नाही. मी विचारलं नाही. या वेळी त्यांनीच मला सांगायचं आहे. मी वाट बघणार आहे. राग गेलेला नाही, तो शेतावरही माझ्यासोबत आला आणि आंबील पिऊन परत आला.

आता नोंद करतो. आधी साडेनऊ ते आठ, साडेदहा तास असं लिहिलं होतं. मग ते खोडलं.

बीपी: १३०/८४.

झोप: माहीत नाही.